पुणे ते सोलापूर एका दिवसात सायकलने: डिसेंबर सोडा, श्रावणात निघा

प्रश्न असा आहे: पुण्यात राहणारा, तिशीतला, रविवारी सिंहगड, बोपदेव, कात्रज असे घाट करणारा सायकलस्वार. आजवरची सर्वांत लांब राइड १०० किलोमीटरच्या थोडी पुढची. डिसेंबरात एका दिवसात सोलापूरला गावी जायचं आहे. अंतर सुमारे २५० किलोमीटर. 'रस्ता सपाट आहे, घाट एकही नाही, थंडीही असेल; मग घाटांची सवय असलेल्याला हे कितपत अवघड आहे आणि तयारी काय करावी?'

होऊ शकतं. पण या प्रश्नात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत आणि माझ्या मते दोन्ही तपासून घ्यायला हव्यात. एक, सपाट म्हणजे सोपं. दोन, लांब सायकलिंगचा महिना म्हणजे डिसेंबर. ही मोकळी सपाटी मी वर्षाच्या वेगवेगळ्या महिन्यांत ओलांडली आहे. त्यामुळे आधी या दोन गोष्टींबद्दल सांगतो, तयारीचं नंतर.

सपाटीचं पाहू. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, सोलापूर सुमारे ४६० वर. अडीचशे किलोमीटरमध्ये शंभर मीटर उतार म्हणजे पायांना जाणवणारसुद्धा नाही. मधे ओढ्यांचे उतार, नद्यांचे पूल, गावोगावचे उड्डाणपूल आहेत, पण थांबून दम घ्यावा असं काही नाही. घाटात तासभर चढलात की पंधरा मिनिटं उतार मिळतो. पाय थांबतात, पाठ सरळ होते, सीटवरचा भार हलतो, हात मोकळे होतात. सपाटीवर ही उसंत कुणी देत नाही. मिनिटाला ८० फेऱ्या धरल्या तर दहा तासांत ४८,००० वेळा पेडल फिरतं, आणि तेही जवळजवळ एकाच कोनात, एकाच बैठकीत. म्हणून सपाटीवर मांड्या आधी थकत नाहीत. आधी बोलतात त्या बैठकीची हाडं, मान, तळहात आणि गुडघ्याची बाजू. घाटातला तगडा सायकलस्वार दीडशे किलोमीटरनंतर अचानक ढेपाळतो, त्यात त्याच्या ताकदीचा दोष नसतो. त्या बैठकीची सवयच त्याला झालेली नसते.

पण बैठक सरावाने जमते. सपाटीवरचा खरा मालक वारा आहे, आणि तो सरावाने बदलत नाही. त्याच्यासाठी दिवसच योग्य निवडावा लागतो.

थोडा हिशेब करू. वारा पडलेला असताना ताशी २५ च्या वेगाने जाताना अंगावर येणारी हवा २५ च्याच वेगाची असते. समोरून ताशी १५ चा वारा आला की ती ४० होते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. २५ चा वर्ग ६२५, ४० चा १६००. म्हणजे तोच वेग टिकवायचा तर हवेशी अडीचपट झुंजायचं. तेवढा जोर दिवसभर लावणं कुणालाच परवडत नाही, म्हणून वेग कमी करावा लागतो. साधारण बांध्याचा सायकलस्वार शांत हवेत २५ ने जायला जेवढा जोर लावतो, तेवढ्याच जोरात समोरच्या १५ च्या वाऱ्यात तो १७ च्या आसपास जातो, आणि तोच वारा नेमका पाठीशी असेल तर ३४ च्या आसपास. पाय तेच, सायकल तीच, रस्ता तोच आणि वेग दुप्पट. कुठलाही महागडा चाकांचा जोड एवढा फरक पाडत नाही.

आता पुणे-सोलापूर रस्त्याची दिशा बघा. राष्ट्रीय महामार्ग ६५ पुण्याहून पूर्वेला आणि किंचित दक्षिणेला जातो. हिवाळ्यात या पट्ट्यात वारा बहुतेक पूर्वेकडून, ईशान्येकडून येतो. पहाटे तो जाणवत नाही, कारण रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन बसलेली असते आणि वरचा वारा खाली पोहोचत नाही. ऊन चढलं, जमीन तापली, हवा ढवळली की नऊ-दहाच्या सुमाराला वरचा वारा खाली उतरतो. म्हणजे डिसेंबरात पुण्याहून निघालेला माणूस भिगवणपर्यंत मजेत जातो आणि मग उरलेला दिवस नाकावर वारा घेत काढतो. वर सकाळी दोन तास सूर्य थेट डोळ्यांत असतो, तुमच्या आणि तुमच्या मागून येणाऱ्या ट्रकवाल्याच्याही.

पावसाळ्यात हे सगळं उलटं होतं. जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो, तुमच्या उजव्या खांद्यामागून. हिवाळ्यातल्या वाऱ्यापेक्षा तो जोरदारही असतो आणि दिवसभर टिकून असतो. लोक म्हणतात, पण पाऊस? सह्याद्री ओलांडून आलेल्या ढगांकडे दौंड-इंदापूरपर्यंत द्यायला फारसं उरलेलं नसतं. हा पर्जन्यछायेचा प्रदेश आहे, इथे वर्षाचा पाऊस पाचशे मिलीमीटरच्या आसपास. जुलै-ऑगस्टमध्ये इथे आभाळ भरलेलं असतं, वारा सुटलेला असतो, अधूनमधून भुरभूर येते आणि जाते. शेतकऱ्याच्या जिवाला घोर लावणारी हवा आहे ती, हे विसरून चालणार नाही. पण सायकलस्वाराला त्या सपाटीवर यापेक्षा चांगली हवा मिळत नाही. डोक्यावर ऊन नाही, पाठीशी वारा, आणि पंधरा ऑगस्टच्या आगेमागे उजेड साडेबारा तासांहून जास्त. डिसेंबरच्या मध्यावर तो जेमतेम अकरा तास.

खरा पाऊस सोलापूरकडे येतो तो सप्टेंबरात, विजा घेऊन. मोकळ्या माळावर सायकलवर बसलेला माणूस हा मैलभरातला सर्वांत उंच ठिपका असू शकतो, म्हणून त्या दिवसांत मी कुणाला निघायला सांगणार नाही. माझ्या हिशेबाने या रस्त्याचा हंगाम म्हणजे आषाढी उरकून वारकरी घरी परतले की तिथपासून पोळ्यापर्यंत. वारीच्या दिवसांत तुकोबांची पालखी लोणी काळभोर, यवत, वरवंड या भागातून याच रस्त्याने जाते. तेव्हा हा रस्ता चालणाऱ्यांचा असतो, आपण तिथे घुसू नये. श्रावणात १५ ऑगस्टला जोडून आलेली लांब सुट्टीही टाळा. त्या दिवशी अर्धं पुणे तुळजापूर-अक्कलकोटकडे गाड्या घेऊन निघतं.

वाऱ्याच्या दिशेचा आणखी एक मुद्दा आहे. तो सुरक्षिततेचा आहे आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. डिसेंबरातला वारा तुमच्या डाव्या बाजूने, समोरून येतो आणि सायकलला उजवीकडे, म्हणजे वाहनांच्या लेनकडे ढकलत राहतो. ऑगस्टचा वारा उजवीकडून येऊन डावीकडे, कडेच्या पट्टीकडे ढकलतो. ढकललंच जायचं असेल तर कुठल्या बाजूला जावं हे सांगायला नको. पण ऑगस्टमध्येही एक गोष्ट अंगवळणी पाडावी लागते. उजवीकडून वारा असताना आपण नकळत उजवीकडे रेललेलो असतो. शेजारून लांब कंटेनर गेला की तो क्षणभर वारा अडवतो आणि सायकल त्याच्याकडे ओढल्यासारखी सरकते. तो पुढे गेला की वारा पुन्हा थापड मारतो. उपाय साधा आहे. मागून जड गाडीचा आवाज आला की हात हँडलच्या खालच्या वळणावर, कोपर सैल, पेडल चालू, नजर लांब. कोपर ताठ केलेत की वाऱ्याचा प्रत्येक झटका थेट पुढच्या चाकात उतरतो. खोल कडांची कार्बनची चाकं असतील तर या दिवसासाठी पुढचं तरी साधं चाक लावा.

आणि उसाचं. दिवाळीच्या आसपास कारखान्यांचं गाळप सुरू होतं ते मार्चपर्यंत चालतं. दौंड, इंदापूर, माढा, मोहोळ हा सगळा ऊसपट्टा. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, पहाटेच्या अंधारात मागे धड लाल दिवा नाही की चमकणारी पट्टी नाही. रस्त्यावर सांडलेला ऊस आणि पाचट यांवरून बारीक टायर घसरतो. चालकांना दोष देऊन उपयोग नाही, तेही रात्रंदिवस राबत असतात. पण पहाटे चार वाजता निघणाऱ्या एकट्या सायकलस्वाराने त्या रांगेत का शिरावं? ऑगस्टमध्ये त्या ट्रॉल्या रस्त्यावर नसतात.

श्रावणात एक गोष्ट मात्र हुकेल. हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणजवळ कुंभारगाव-डिकसळ भागात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. त्यांच्यासाठी हिवाळ्यात पुन्हा या, पण तेव्हा भिगवणपर्यंतच या, नाव घेऊन पाण्यात जा आणि मागे फिरा. पुण्याहून भिगवण आणि परत ही दोनशे किलोमीटरची सरावाची राइड म्हणूनही उत्तम आहे, कारण तीत एकाच दिवसात दोन्ही दिशांचा वारा कळतो.

एवढं ऐकूनही डिसेंबरातच जायचं असेल तर सोलापूरहून पुण्याकडे यावं का, असं तुम्ही म्हणाल. वारा पाठीशी मिळेल, खरं आहे. पण मग थकलेल्या अंगाने, संध्याकाळी, उरुळी कांचन ते हडपसर हा टप्पा करावा लागतो. दिवसभराच्या राइडनंतर लक्ष विरळ झालेलं असतं आणि त्याच वेळी सर्वांत दाट गर्दी समोर येते. मी तो सौदा घेणार नाही. हिवाळ्यातही पुण्याहूनच निघा, पहाटे, आणि दुपारचा वारा सोसा. त्या दिवसाचा हिशेब ताशी २० ने करा, २५ ने नाही.

आता तयारी. शंभरवरून थेट अडीचशेवर उडी नको. तीन महिने हाताशी ठेवा. दर पंधरवड्याला एक लांब राइड, प्रत्येक वेळी वीस-तीस किलोमीटर वाढवत: १२०, १५०, १८०, आणि निघण्याच्या तीन आठवडे आधी एकदा २००. यांतल्या निम्म्याहून जास्त सपाटीवर करा. त्यात घाट घालून पायांना आराम देऊ नका. २०० साठी माझी शिफारस ब्रेव्हेची आहे. बीआरएम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या राइडमध्ये २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे असतात, ३०० ला वीस तास. शर्यत नसते, क्रमांक नसतो, मागे मदतीची गाडीही नसते. आपलं आपण दुरुस्त करायचं, आपलं आपण खायचं. ठरल्या ठिकाणी ठरल्या वेळेत पोहोचायची सवय तिथे लागते, आणि सोलापूरच्या दिवशी नेमकी तीच लागणार आहे.

सपाटीवर काय घडू शकतं याची दोन मोठी उदाहरणं आपल्याच राज्यात आहेत. अमेरिका पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडणारी 'रेस अक्रॉस अमेरिका' सुमारे ४,८०० किलोमीटरची आहे. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ती दोघांच्या संघात पूर्ण केली आणि २०१७ साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी एकट्याने. त्या वाटेवर कॅन्सस राज्याची सपाटी येते, तिथे आडवा वारा तासन् तास सायकल तिरकी धरायला लावतो. तिन्ही डॉक्टर. पोटापाण्याचा व्यवसाय सांभाळून सराव करणारी माणसं, हे तुमच्यासारख्या नोकरी करणाऱ्याने लक्षात घ्यावं.

सरावात शरीराला शिकवायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण रोज करायच्या. दर पंधरा मिनिटांनी वीस-तीस पेडल उभं राहून मारा, गरज वाटो न वाटो. दुखायला लागल्यावर उठून उपयोग नसतो. हात एका जागी ठेवू नका: वरचा दांडा, ब्रेकची मूठ, खालचं वळण, पुन्हा वर. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होऊ लागलं तर तळहाताच्या कडेने जाणारी नस दबते आहे. ग्लोव्हज बदलण्याआधी सीटचा उतार आणि हँडलची उंची तपासा, कारण बहुतेक वेळा सगळा भार हातांवर आलेला असतो. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर सीट खाली आहे का पाहा, मागे दुखत असेल तर वर आहे का पाहा. हे बदल दोन-तीन मिलीमीटरचे करा आणि शेवटच्या दोन आठवड्यांत काहीही हलवू नका. बिबच्या, म्हणजे गादी असलेल्या खांदेपट्ट्यांच्या सायकलिंग शॉर्ट्सच्या आत अंतर्वस्त्र नको. मांडीच्या घासणाऱ्या जागांवर पेट्रोलियम जेलीचा थर द्या, आणि छोटी डबी खिशात ठेवा. पावसाळ्यात भिजलेलं कापड जास्त घासतं, तेव्हा दुपारी दुसऱ्यांदा लावावी लागते.

सायकलचं. टायर २८ किंवा ३२ मिलीमीटरचे, नवेकोरे नकोत आणि गुळगुळीत झालेलेही नकोत. या रस्त्यावर पंक्चर होतं ते मुख्यतः तीन गोष्टींनी: बाभळीचा काटा, सराट्याचा काटा, आणि फुटलेल्या ट्रकच्या टायरमधून निघालेली केसाएवढी बारीक तार. पहिले दोन काटे तुम्ही कडेच्या मातीत उतरलात तरच भेटतात, म्हणून चहाला थांबताना सायकल उचलून न्या. तार मात्र पांढऱ्या पट्टीच्या बाहेरच्या भागात, जिथे आपण चालवतो तिथेच साठते. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. तार असेल तर कापूस अडकतो, बोटाला ती लागत नाही. हे केलं नाही तर दुसरी ट्यूबही किलोमीटरभरात जाते. दोन ट्यूब, पॅचेस, टायर काढायचे दोन लिव्हर, पंप, चेनची जोडकडी, टायर फाटला तर आतून लावायला जुन्या टायरचा तुकडा. शिवाय बारीक तोंडाच्या वॉल्व्हला लागणारा छोटा पितळी अडॅप्टर घ्या. ढाब्याशेजारच्या ट्रकच्या पंक्चरवाल्याकडे हवा भरपूर असते, पण त्याची नळी आपल्या वॉल्व्हवर बसत नाही.

पावसाळा असल्याने पुढे-मागे मडगार्ड लावाच. आणि काळी माती ओली असताना रस्त्यावरून खाली उतरू नका. ती चाकाला, ब्रेकला, फ्रेमच्या बेचक्यात अशी बसते की चाकच फिरत नाही.

आता प्रत्यक्ष दिवस. साडेचारला हडपसर सोडा. मागे दोन लाल दिवे, त्यांतला एक न लुकलुकणारा, पुढे रस्ता दिसेल असा पांढरा दिवा, अंगावर चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट. ते उजाडल्यावरही काढू नका, भरल्या आभाळात करडी जर्सी कुणाला दिसत नाही. उरुळी कांचनपर्यंत कंपन्यांच्या बसेस, दूध, भाजीचे टेम्पो. यवतच्या पुढे रस्ता मोकळा होतो. सुमारे ४५ किलोमीटर झालेले असतात आणि इथेच माणूस फसतो. अंग ताजं, वारा पाठीशी, काटा ३२ वर. या टप्प्यात तुम्हाला पूर्ण वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे. येत नसेल तर गिअर एक खाली. वाऱ्याने दिलेला वेग घ्या, त्यावर स्वतःचा जोर घालू नका.

चौफुला, पाटस, कुरकुंभ मागे टाकून भिगवण, सुमारे १०५ किलोमीटर. इथला पहिला खरा थांबा वीस मिनिटांचा. भिगवणची मासळीची थाळी प्रसिद्ध आहे, पण ती परतीसाठी राखून ठेवा. पोहे किंवा इडली, एक केळं, चहा, बाटल्या भरून पुढे. बसायला मऊ खुर्ची शोधू नका. लांब राइडमध्ये वेळ रस्त्यावर जात नाही, थांब्यांवर जातो: दहा मिनिटांचे सहा थांबे म्हणता म्हणता दोन तास होतात.

भिगवण ते इंदापूर हा माझा आवडता तुकडा. डावीकडे उजनीचं पाणी दिसतं-लपतं. पळसदेवला जुन्या गावाचं पळसनाथाचं देऊळ धरणात गेलं आणि पाणी फार उतरलं की ते वर येतं. ऑगस्टमध्ये जलाशय किती भरलाय हे बघत जायचं. इथल्या प्रत्येकाच्या बोलण्यात तेव्हा तोच विषय असतो, चहाच्या टपरीवर उजनीची टक्केवारी विचारलीत की दहा मिनिटं गप्पा होतात. इंदापूर बाहेरूनच टाका. पुढे भीमानगरजवळ भीमा ओलांडायची, आणि मग टेंभुर्णी, १६५ च्या आसपास.

खाण्याचं गणित तासाचं असतं, जेवणाचं नाही. तासाला साधारण ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. मोठ्या केळ्यात पंचवीस-तीस ग्रॅम मिळतात. बाकीचं राजगिऱ्याची वडी, चिक्की, खजूर, गुळाची पोळी यांतून. गुळाच्या पोळीचे चतकोर करून जर्सीच्या खिशात ठेवले की चालवता चालवता खाता येतात, वितळत नाहीत, आणि महागड्या जेलपेक्षा पोटाला मानवतात. श्रावण म्हणून ढाब्यावर साबुदाण्याची खिचडी सगळीकडे मिळेल. घ्यायचीच तर अर्धी प्लेट, कारण तिच्यातलं तेल आणि दाणे पोटात तासभर बसून राहतात. दुपारी दहीभातासारखं पोटाला हलकं काही नाही. भूक लागेपर्यंत थांबू नका. भूक कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

पाण्याची एक गंमत पाठीशी वारा असतानाच होते. तुम्ही ३० ने जाताय आणि वारा मागून २० चा आहे, तर अंगाला हवा जेमतेम दहाची लागते. घाम वाळत नाही, अंग तापतं, आभाळ असल्याने उन्हाचं भानही राहत नाही. म्हणून थंड वाटणाऱ्या दिवशीही तासाला अर्धा ते पाऊण लिटर प्यायचं. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा आणि सपाट. नुसतं पाणी ढसाढसा पीत राहणं हेही धोक्याचं आहे. रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजतात, आणि माणूस ते पाणी कमी पडल्याचं लक्षण समजून आणखी पाणी पितो. अंगठी घट्ट झाली, पोट डुचमळतंय, लघवी स्वच्छ पाण्यासारखी आणि सारखी होतेय, तर पाणी थांबवा आणि खारट काही खा. त्यातच डोकं गरगरू लागलं, बोलणं अडखळू लागलं तर सायकल तिथेच ठेवून दवाखाना गाठा.

टेंभुर्णीनंतरचा पट्टा सांगतो, कारण तिथे दिवस ठरतो. मोडनिंब, शेटफळ, मोहोळ. हा ज्वारीचा मुलूख आहे आणि इथली ज्वारी रब्बीची, पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. म्हणून ऑगस्टमध्ये दोन्ही बाजूंना नांगरून राखलेलं काळं रान क्षितिजापर्यंत मोकळं पसरलेलं असतं. चौपदरीकरणात रस्त्याकडेची बरीच जुनी झाडं गेली, त्यामुळे आडोसा नाही, सावली नाही, डोळ्याला धरायला काही नाही. समोर एखादा टॉवर दिसतो आणि बराच वेळ तेवढाच राहतो. थकव्यापेक्षा हे जड जातं. घाटात पुढचं वळण असतं, इथे पुढचं काहीच नसतं. माझा उपाय म्हणजे अंतराचा काटा झाकून ठेवायचा आणि कामं वाटून घ्यायची: या पुलापर्यंत खालच्या वळणावर, पुढच्या फाट्यापर्यंत एक घास, मग दोन घोट, मग उभं राहून तीस पेडल. कानात गाणी नकोत. मागच्या गाडीचा आवाज हे तुमचं एकमेव मागचं भान आहे. आणि त्या मोकळेपणाकडे कंटाळा म्हणून बघू नका. ढगांची सावली तुमच्याबरोबर त्या काळ्या रानावरून धावत असते आणि कधी ती पुढे जाते, कधी तुम्ही. मला या रस्त्यावर परत परत ओढून नेणारी गोष्ट तीच आहे.

टोलनाक्यांवर डावीकडच्या कडेच्या मार्गाने जा, त्यांच्या अलीकडच्या रंबलर पट्ट्यांवर सीटवरून किंचित उठा. गावांजवळ कडेच्या पट्टीवरून उलट्या दिशेने दुचाकी येतात. त्यांना तुम्ही बाहेरून, म्हणजे ट्रककडच्या बाजूने वळसा घालू नका. वेग कमी करा, थांबा, त्यांना जाऊ द्या.

वेळेचा आराखडा: पाठीशी वारा धरून चालत्या चाकाचा वेग २५, म्हणजे दहा तास. थांबे दीड ते दोन तास. साडेचारला निघून संध्याकाळी चार ते साडेचारला सोलापूर. टेंभुर्णीला साडेअकरा-बारा वाजलेले असतील. दोन वाजेपर्यंत पोहोचलात तरी पुढचे ८५ किलोमीटर उजेडात होतात. अडीच वाजून गेले असतील तर पुढे जाऊ नका. तिथून कुर्डुवाडी वीसेक किलोमीटरवर आहे आणि पुणे-सोलापूर लोहमार्गावरचं मोठं स्टेशन आहे. मोहोळलाही स्टेशन आहे. घरच्या कुणाला तरी आधीच सांगून ठेवा की टेंभुर्णीहून तुमचा फोन येईल आणि त्या फोनवर पुढचं ठरेल. तो निर्णय थकलेल्या डोक्याने एकट्याने घेऊ नये.

निघायच्या आदल्या संध्याकाळी हवामानाच्या नकाशावर दौंड, इंदापूर आणि मोहोळ या तीन ठिकाणचा सकाळी दहा आणि दुपारी दोनचा वारा पाहा. तिन्ही ठिकाणी पश्चिम किंवा नैर्ऋत्य दिसत असेल आणि विजांचा इशारा नसेल तर झोपा, साडेतीनचा गजर लावा. दिशा पूर्वेची दिसली तर पुढच्या शनिवारी जा. श्रावणात शनिवार चार तरी असतातच.